दोनशे चौदा छातीचे फोटो

अंजनगावच्या एसटीतून मनकर्णा अमरावतीच्या स्टँडवर उतरली ती कंडक्टरशी वाद घालतच. तिच्याजवळ एक भलंमोठं पांढरं पोतं होतं आणि ते मागच्या डिकीत टाकायला तिनं साफ नकार दिला होता. सारा रस्ता पोतं मांडीवर घेऊन बसली. "त्याच्यात सोनं हाय काय, बाई?" असं कंडक्टरनं विचारलं, तर ही म्हणाली, "सोनं तं कोनाजवळबी रायते. याच्यात माया भाचीची नोकरी हाय."

आणि ते खोटंही नव्हतं. पोत्यात छातीचे एक्स-रे होते, मोजून दोनशे चौदा. आपल्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, फोटोच म्हणतात, आणि काढलेला फोटो कोणी फेकतही नाही. माणूस बरा होवो की जावो, फोटो पाकिटात, पाकीट पिशवीत आणि पिशवी भिंतीच्या खिळ्यावर वर्षानुवर्षं टांगलेली. ते खिळ्यावरचे फोटो मनकर्णानं दोन महिने घरोघरी फिरून गोळा केले होते, परत आणून देण्याच्या बोलीवर. तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून राबलेली बाई. तिला गावात 'नाही' म्हणणारं घर अजून बांधलं गेलेलं नाही.

भाची म्हणजे पिंकी. शाळेत घालताना दुसरं नाव सुचलं नाही म्हणून कागदावरही पिंकीच राहिलेली, आणि आता त्याच नावामागे डॉक्टर लागलेलं. डॉ. पिंकी देवराव तेलगोटे. हैदराबादेत कराराची नोकरी होती, ती पुढच्या महिन्यात संपत होती. अमरावतीला विद्यापीठात नवं केंद्र निघालं होतं. शरीराच्या आतल्या प्रतिमा काढायच्या, कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायच्या आणि त्यातून रोग हुडकायचा, असलं काम. जागा एक, बोलावलेले अकरा, आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी. पिंकीनं संशोधनाचा विषय दिला होता जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाची धूळ खाल्लेल्या माणसांच्या छातीचा. तो तिला पुस्तकात सापडला नव्हता. मनकर्णाचा नवरा गुणवंत बावीस वर्षं जिनिंगमध्ये राबला आणि शेवटची चार वर्षं खाटेवर बसून खोकला, ते तिनं लहानपणी सुट्टीत जाऊन जाऊन पाहिलं होतं.

साईनगरात संघपालच्या घरी त्या रविवारी सगळेच जमले होते. संघपाल पिंकीचा थोरला भाऊ, बँकेत. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं देवराव आणि त्याची बायको सुंदराबाई आले होते. देवराव म्हणजे मनकर्णाचा भाऊ आणि पिंकीचा बाप. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेला. संघपालची बायको चंदा सांभारवडी तळत होती आणि घरभर कोथिंबिरीचा वास सुटला होता.

"जय भीम, जय भीम. आधी पानी नको, आधी हे पाहा," मनकर्णा दारातूनच म्हणाली आणि पोतं थेट बैठकीच्या सतरंजीवर आणून ठेवलं. तोंड उघडताना तिला इतका आनंद झाला होता की गाठ सुटेना. "पिंके, तू म्हनलं होतं ना, स्वच्छ पाहिजे, डाग नको. पाह्य कसे चकचकीत करून आनले."

पिंकीनं वरची फिल्म काढली आणि खिडकीकडे धरली. फिल्ममधून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसली. तिनं दुसरी काढली. तीतूनही टाकीच दिसली.

"आत्या, यावरचा फोटो कुठं आहे?"

"त्याच्यातच हाय ना," मनकर्णा म्हणाली. "डोयाले दिसत नाई, पन हाय."

देवराव उठला. त्यानं तीनचार फिल्मा एकदम उचलल्या, बोटानं कड चाचपली, नाकाशी नेऊन हुंगल्या. एकतीस वर्षांचा हात होता तो, त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. "ब्लिचिंग," तो म्हणाला आणि खाली बसला. "मनकर्णे, तू हे ब्लिचिंग पावडरीत टाकले?"

"मंग? तिनंच सांगतलं का फोटोवर कोनाचं नाव दिसाले नाई पाहिजे. पयले मी बसली एकेकाचं नाव फडक्यानं पुसत. दिवसभरात नऊ झाले. मंग म्हनलं, असं तं दिवाळी येईन. न्हानीतल्या मोठ्या टपात पावडर कालवली, टाकले गठ्ठ्यानं, आन सभेले गेली. येऊन पाह्यते तं नावबी गेलं, काया रंगबी गेला."

"आणि तुला काही वाटलं नाही?" संघपालचा आवाज चढला. "छाती गेली त्यातली, आत्या. छाती."

"वाटलं ना. पन हे पोरगी मले फोनवर काय म्हने? का आमचा कॉम्प्युटर मानसाच्या डोयाले न दिसनारं बी पाह्यते. म्हनलं, असंन बाप्पा. ज्याले हाडाच्या आतलं दिसते त्याले एवढं दिसनारच."

चंदा झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मनकर्णानं पिंकीकडे पाहिलं. पिंकीचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते पाहिल्यावर कुठं मनकर्णाच्या ध्यानात आलं की आपण काहीतरी फार वाईट करून बसलो. साऱ्या गावाला नाक वर करून सांगत फिरलेली बाई ती, आता त्या सतरंजीवरून कुठं पाहावं तिला कळेना.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," संघपालनं सुरू केलं. "मेंदूच्या स्कॅनवर काम कर, हैदराबादेत तयार डेटा पडलेला आहे. पण नाही. हिला अंजनगावच पाहिजे. आता उद्या तिथं जाऊन काय दाखवणार, प्लास्टिक? त्यापेक्षा कळवून टाक, तब्येत बरी नाही म्हणून."

"अगदी बरोबर," देवराव म्हणाला. बापलेकाचं एकमत होण्याचा प्रसंग त्या घरात वर्षातून एखादाच येई. "आयुष्यभर फिल्म हातायली मी, कधी बोटाचा ठसा पडू देला नाई. आन माई सख्खी बहीन टपात भिजू घालते. कोनं शिकवलं तुले हे?"

"तुमीच शिकवलं."

हे बोलली सुंदराबाई. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण सुंदराबाई आणि मनकर्णा या नणंदभावजया गेली सव्वीस वर्षं एकमेकींची बाजू घेत नव्हत्या. चंदाच्या लग्नातसुद्धा दोघींनी फोटोत मधे तिसरी बाई उभी केली होती.

"काय पाह्यता माह्याकडे? खराब झालेल्या फिल्मा दवाखान्यातून कोन आनत होतं? सोड्याच्या पान्यात घालून, घासून, कोरं प्लास्टिक कोन करत होतं? आपल्या सयपाकखोलीच्या खिडकीले काच कुठं होती, त्याच फिल्मा होत्या. संघपालच्या साऱ्या वह्यायले कव्हरं त्याचीच. या मनकर्णाबाईले ब्लाउज कापाचे नमुने तुमीच करून देल्ले, मोठ्या कौतुकानं. ते शिकली तुमच्यापासून, आन आता तिलेच बोलता."

देवरावनं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "ते खराब फिल्मा होत्या," तो हळू म्हणाला.

"तिले काय समजन खराब आन चांगली? तुमी कधी सांगतलं?"

मनकर्णाला इतक्या वर्षांत भावजयीचं एक वाक्य एवढं गोड लागलं नव्हतं. पण त्यानं पिंकीचा चेहरा काही सुधारत नव्हता. "वहिनी, राहू द्या," ती म्हणाली. "चुकी माईच हाय. पोरीचं नुकसान झालं ते झालं." आणि बोलता बोलता तिला रडू आलं.

एवढ्यात चंदानं पोत्यात हात घातला. रडारड सुरू झाली की तिच्या हाताला काम लागतं. तिनं सगळ्या फिल्मा बाहेर काढून लावायला घेतल्या आणि तळाला गेली तेव्हा थांबली. "बाबा, या खालच्या काळ्या आहेत."

काळ्या होत्या खऱ्या. सदतीस निघाल्या.

"पावडर संपली होती," मनकर्णा नाक पुसत म्हणाली. "ग्रामपंचायतीतून आनतो म्हनलं, तं सरपंच लग्नाले गेलता."

देवरावला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. पण चंदाच्या हातात आता दुसरंच काही होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लांबडी वही. ती तिनं उघडली आणि उभ्यानंच वाचायला लागली. "एक्केचाळीस. गोदाबाई. वय अडुसष्ट. जिनिंगमध्ये एकोणीस वर्षं, रुई उचलणे. चुलीवर सयपाक. तंबाखू नाही. रात्री बसून झोपते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी छाती धरायची."

पिंकीनं मान वर केली. "परत वाच."

"बाजाराच्या दुसऱ्या दिवशी छाती धरायची."

पिंकी आली आणि वही जवळजवळ हिसकावून घेतली. पानामागून पान उलटत गेली. प्रत्येक ओळीला नंबर, तोच नंबर सुईनं फिल्मच्या कोपऱ्यात कोरलेला. नाव, वय, कोणती जिनिंग, किती वर्षं, वजन, भूक, झोप. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं लिहिली त्या सवयीनं मनकर्णानं फोटो घेता घेता माणसंही लिहून घेतली होती. सांगितलं कोणी नव्हतं. कोरा रकाना तिला बघवत नाही, एवढंच.

"आत्या, हे बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचं तू स्वतः लिहिलं?"

"त्यायनंच सांगतलं ते लिवलं. बाजाराच्या दिवशी जिनिंगले सुट्टी रायते ना. सुट्टीत बरं वाटते, दुसऱ्या दिवशी कामावर गेलं का छाती आवळते. आमच्या घरी तुया मामाजीलेबी तसंच होये."

"किती जणांना?"

"मोजलं नाई. लय जनायले."

पिंकी खाली बसून मोजायला लागली. बोट वहीवर आणि ओठ हलताहेत, अशी ती लहानपणी पाढे म्हणताना बसायची. "एकशे बावीस," ती शेवटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता रडं नव्हतं. "बाबा, कापसाच्या धुळीचा रोग असाच ओळखतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, त्यावरून. साध्या फोटोत तो डोळ्याला धड दिसतही नाही, म्हणून तर कोणी धरत नाही. आणि हिनं दोनशे चौदा माणसं नावागावासकट माझ्या हातात दिली आहेत."

"पण फोटो तर गेले," संघपाल म्हणाला.

"फोटो गेले, दादा. माणसं कुठं गेलीत?"

त्यानंतर जेवणं झाली ती ताट मांडीवर घेऊन. पिंकीनं आधीची तयारी अर्धी खोडून टाकली. बँकेत तक्ते करण्यात आयुष्य गेलेल्या संघपालनं न सांगता लॅपटॉप ओढला आणि वहीचे रकाने भरायला घेतले. तब्येतीचं कारण काढायचं होतं ते तो विसरला तो विसरलाच. देवराव सदतीस फिल्मा एकेक करून उजेडात धरत होता आणि सुंदराबाईनं मनकर्णाच्या ताटात न विचारता दोन सांभारवड्या वाढल्या. मनकर्णानं त्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात आधी सगळ्यांसमोर व्याख्यान होतं आणि मग बंद दाराआड मुलाखत. व्याख्यानाला कोणीही बसू शकतं म्हटल्यावर तेलगोट्यांचं अख्खं खटलं शेवटच्या रांगेत जाऊन बसलं. मनकर्णानं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. पिंकी काय बोलत होती त्यातलं अर्धं तिला कळत नव्हतं, पण पडद्यावर नावं झाकून तिच्या वहीचं पान आलं, तिचंच वाकडं अक्षर हातभर मोठं, तेव्हा तिनं सुंदराबाईचा हात घट्ट धरला. सुंदराबाईनं तो काढून घेतला नाही.

बोलणं संपलं तसे समितीतले एक वयस्कर प्राध्यापक पुढे वाकले. "अर्जात तुम्ही दोनशेहून अधिक जुन्या फिल्म्सचा संग्रह लिहिला होता. आज सदतीस म्हणता. बाकीच्यांचं काय झालं?"

शेवटच्या रांगेत मनकर्णानं मान खाली घातली.

"धुतल्या गेल्या, सर," पिंकी म्हणाली. "आमच्याच घरात. फोटोवर नाव दिसू नये असं मी सांगितलं होतं. फोटो सांभाळून नाव कसं काढायचं, ते सांगायला मात्र विसरले. चूक माझी आहे."

सभागृहात हशा पिकला. प्राध्यापकही हसले, पण सोडलं नाही. "ठीक. तुम्ही म्हणता, हीच माणसं पुन्हा तपासू. अंजनगावची माणसं कामधंदा टाकून इथं मशीनखाली येऊन झोपतील, याची खात्री काय?"

"ती खात्री मी नाही देऊ शकत, सर. ज्या देऊ शकतात त्या मागे बसल्या आहेत."

सगळ्या माना मागे वळल्या. देवरावनं कोपर मारलं तेव्हा मनकर्णा उठली. अंगणवाडीच्या तपासणीला आलेले साहेब तिनं कमी पाहिले नव्हते, आणि एकदा उठल्यावर तिला कधीच गप्प बसता आलेलं नाही.

"साहेब, ते फोटो म्याच धुतले," ती म्हणाली. "वापस देतो म्हनून आनले होते. तं आता मी एकेकाच्या घरी जाईन आन सांगीन का तुमचा फोटो म्या खराब केला. ज्याले शिव्या द्याच्या ते देतीन. त्याच्यावरबी जो मानूस येतो म्हनन, तो पक्का समजा. खोटं सांगून एकबी आननार नाई."

प्राध्यापकांच्या शेजारच्या बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

निकाल लगेच लागत नाहीत. मनकर्णा दुसऱ्याच दिवशी अंजनगावला परतली आणि बोलल्याप्रमाणे फिरायला लागली. सकाळी ऊन चढायच्या आत आठ घरं, संध्याकाळी पाच. प्रत्येक दारात तेच: हा तुमचा फोटो, याच्यात काही उरलं नाही, म्या धुतला. शिव्या मिळाल्या. एका सुनेनं दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं कोरी फिल्म घेतली आणि लगेच खिडकीच्या फुटक्या काचेला लावून पाहिली, माप बरोबर बसलं म्हणून खूश झाला. पण वहीत नवा रकाना आखला होता आणि त्यात 'येतो', 'येते' वाढत चालले होते.

अठराव्या दिवशी ती गोदाबाईकडे पोचली. एवढे दिवस हे घर तिनं मुद्दाम टाळलं होतं. गोदाबाई गुणवंतच्याच पाळीत रुई उचलायची, तिनं तो फोटो देताना दोनदा सांगितलं होतं, सांभायजो. ओट्यावर बसून ती तूर निवडत होती, मधेमधे थांबून श्वास घेत होती.

मनकर्णानं फिल्म पुढे केली आणि पाठ झालेलं सगळं सांगितलं. सांगताना तिचं तोंड खाली होतं.

गोदाबाईनं फिल्म सूर्याकडे धरली. आरपार निंब दिसला. "लय साफ धुतला वं," ती म्हणाली.

"राग आला असंन तं बोल, गोदाबाई. तुया हक्क हाय."

"कायचा राग." तिनं फिल्म मांडीवर ठेवली आणि तुरीवरून हात फिरवला. "सत्तावीस वर्स खिळ्यावर होता. दाक्तरनं असाच वर धरला, पाह्यला, आन गोया लिवून देल्या. मी इचारलं, साहेब, काय दिसते त्याच्यात? तं म्हने, बाई, तुले सांगून काय समजते. मंग मीच कधी कधी काढो आन उजेडात धरून पाहो. पांढरं पांढरं, कायं कायं. म्हनलं, राहू दे टांगलेला. कधी तरी कोनी येईन, वाचून सांगन. मनकर्णे, तुले तरी मालूम होतं काय, काय होतं त्याच्यात?"

मनकर्णाला नव्हतं मालूम. दोनशे चौदा फोटो तिनं हातात घेतले होते, आणि आता आठवत गेली तसं तिच्या ध्यानात आलं की एकाही घरात कोणाला मालूम नव्हतं. गुणवंतच्या फोटोत काय होतं ते तिला स्वतःलाही कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच वेळी पोलक्यातला फोन वाजला. पिंकी होती. ती काय बोलते ते धड कळेना, एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, मागे देवरावचा आवाज येत होता की आधी बापाला सांगायचं सोडून आत्याला फोन लावते. ऑर्डर निघाली होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं.

मनकर्णानं पदरानं डोळे पुसले आणि फोन गोदाबाईच्या कानाला लावला.

"माई भाची हाय. लागली तिले नोकरी. मले नको इचारू, तिले इचार."

गोदाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला. श्वास जुळवायला तिला थोडा वेळ लागला.

"पोरी, मी एकेचाळीस नंबर बोलून राह्यली," गोदाबाई म्हणाली. "येतो मी फोटोले. पन या बारीनं काय दिसलं ते मले सांगजो."